कास तलाव आणि कासचा सडा : एका पाणलोटाला एकच आराखडा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा

विषय : कास तलाव, कुमुदिनी तळे आणि कास पठार यांच्या एकत्रित व्यवस्थापनाबाबत



कास तलाव सातारा शहराच्या पश्चिमेला, सुमारे 25 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या एका उंच डोंगररांगेवरच्या खोलगटीत आहे. यवतेश्वरचा घाट चढून गेलेला रस्ता आधी फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कास पठारावरून जातो, मग झाडीतून उतरत तलावापाशी पोहोचतो आणि पुढे बामणोलीकडे कोयनेच्या खोऱ्यात जातो. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर आहे. तलाव त्याहून थोडा खाली असला, तरी सातारा शहरापेक्षा कितीतरी उंच आहे. या उंचीच्या फरकामुळेच तलावाचे पाणी पंपाविना शहरापर्यंत उतरते.

ही रांग तीन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. उत्तरेकडचे पाणी वेण्णेच्या खोऱ्यात, पश्चिमेकडचे कोयनेच्या शिवसागर जलाशयात आणि दक्षिण-पूर्वेकडचे उरमोडीला जाते. कास तलाव उरमोडीच्या उगमाकडच्या भागात आहे. वेण्णा, कोयना आणि उरमोडी या तिन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात. पठारावरचे सगळे पाणी तलावात येत नाही. कोणत्या भागाचे पाणी तलावात येते आणि कोणत्या भागाचे दुसऱ्या खोऱ्यांत उतरते, हे जमिनीचा चढउतार आणि खडकाचे थर ठरवतात. म्हणून तलावाच्या व्यवस्थापनाची सुरुवात या खडकापासूनच करावी लागते.

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. डोंगरमाथ्यांवरच्या बेसॉल्टची पुढे दीर्घकाळ, उष्ण आणि दमट हवेत झीज झाली. विरघळणारी द्रव्ये पावसाबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यांचा टणक, तांबूस, छिद्राळ जांभा बनला. कासच्या माथ्यावर याच जांभ्याचे टोपण आहे. अशा उघड्या, सपाट जांभ्याच्या माथ्याला सडा म्हणतात. पाचगणीचे टेबललँड याच जातीचे आहे.

जांभ्यातील छिद्रे आणि भेगा पावसाचे पाणी आत घेतात. जांभा आणि खालचा ताजा बेसॉल्ट यांच्या मधे झिजलेल्या खडकाचा चिकणमातीसारखा थर असतो. पाणी त्यातून सहज खाली जात नाही. ते या थरावर साठते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या व उपळट जागांच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळा संपल्यावरही डोंगरकुशीतले ओढे काही काळ वाहतात ते या साठ्यावर. तलावात भर पडते ती पावसाळ्यात डोंगरउतारांवरून वाहून येणाऱ्या पाण्याची आणि नंतर हळूहळू झिरपणाऱ्या या पाण्याची. सडा खणला, त्यावर भराव टाकला किंवा रस्त्याच्या कडेच्या चरांनी त्याचे पाणी भलतीकडे वळवले, तर तलावाच्या काठाला हात न लावताही तलावाच्या आवकेत फरक पडतो.

पावसाच्या दृष्टीनेही कासची जागा मोक्याची आहे. नैऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर बहुतेक पाऊस टाकतात आणि पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच डोंगरांच्या पूर्व पायथ्याच्या वाईला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. कास या दोन टोकांच्या मधे असून सातारा शहरापेक्षा तिथे बराच जास्त पाऊस होतो. म्हणूनच शहरासाठी पाणी अडवायला ही जागा निवडली गेली.

तलाव नैसर्गिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश राजवटीत, ओढ्यांचे पाणी बांध घालून अडवण्यात आले आणि डोंगराच्या कडेकडेने काढलेल्या पाटाने ते साताऱ्यात आणले गेले. जमिनीचा उतार सांभाळत जाणारा तो पाट हा या योजनेचा मुख्य भाग होता. पुढे पाटाची जागा नळांनी घेतली. गुरुत्वाने पाणी उतरवण्याचे तत्त्व मात्र तेच राहिले. आजही सातारा शहराचा मोठा भाग कासच्या पाण्यावर अवलंबून आहे. पंपाचा खर्च नाही आणि पाणलोटात कारखाने वा मोठी वस्ती नाही, या दोन गोष्टींमुळे हे पाणी स्वस्त आणि स्वच्छ राहिले आहे. शहराची वाढती गरज भागवण्यासाठी अलीकडच्या वर्षांत धरणाच्या भिंतीची उंची वाढवण्यात आली आणि साठवणक्षमता पूर्वीच्या कित्येक पट झाली.

उंची वाढवल्याने तलावाचा काठ बदलला आहे. पूर्वीच्या काठाला उथळ पाणी, दलदल आणि झाडी अशी पायरीपायरीने बदलणारी पट्टी होती. पाण्याची पातळी वर गेल्यावर ही पट्टी बुडते आणि काठ नव्या, अधिक उताराच्या जमिनीवर सरकतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की बुडलेल्या भागात उघड्या मातीचे रुंद कडे तयार होते. त्यावर झाडोरा टिकत नाही आणि पहिल्याच जोरदार पावसात तिथली माती तलावात वाहते. जास्त साठवणीचा लाभ टिकवायचा असेल, तर हा काठ स्थिर करण्याचे काम भिंतीच्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे.

कुमुदिनी तळे कास तलावाहून अगदी निराळे आहे. जुन्या राजमार्गाने सड्यावरून चालत गेल्यावर लागणारे हे छोटे, उथळ तळे कुमुदिनीच्या फुलांमुळे ओळखले जाते. पाण्यावर तरंगणारी गोल पाने आणि पाकळ्यांवर बारीक केस असलेली लहान पांढरी फुले ही या वनस्पतीची खूण. उथळ, स्वच्छ आणि फारसे न हलणारे पाणी तिला लागते. तळ्याची खोली थोडी असल्यामुळे गाळाचा पातळ थरही त्याचा तोल बदलू शकतो. पाणी साठवण्याच्या हिशेबात हे तळे नगण्य आहे. सड्यावरच्या पाण्याची प्रकृती ओळखण्यासाठी मात्र ते फार उपयोगी आहे.

कासच्या फुलांची कीर्ती मोठी असली, तरी ती फुले सड्याच्या दारिद्र्यातून आली आहेत. जांभ्यावर माती जेमतेम काही सेंटिमीटर आहे. तिच्यात नत्र आणि स्फुरद फार कमी आहे. पावसाळ्यात ती पाण्याने भरलेली आणि उन्हाळ्यात भाजून कोरडी असते. अशा जमिनीत मोठी झाडे उभी राहत नाहीत आणि जोमदार गवतेही माजत नाहीत. त्यामुळे लहान, अल्पायुषी आणि कंदवर्गीय वनस्पतींना मोकळी जागा मिळते. सुमारे 850 जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद या परिसरात झाली आहे आणि त्यांतील अनेक फक्त पश्चिम घाटातच सापडतात.

पहिल्या पावसानंतर कंदांतून उगवणाऱ्या वनस्पती आधी दिसतात. चवर ही त्यांतली एक; तिच्या हिरवट-पांढऱ्या तुऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये उतार भरतात. जमिनीवर उगवणाऱ्या आमरीही याच सुमारास फुलतात. ऑगस्टच्या मध्यापासून पाणी साचलेल्या सखल भागांत गेंदाचे पांढरे गोंडे आणि त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले येतात. तेरड्याचा गुलाबी आणि जांभळ्या मंजिरीचा गडद रंग याच काळातला. सप्टेंबरमध्ये पाणी ओसरू लागले की कवल्याची पिवळी फुले दिसतात. त्यांतल्या एका जातीला पर्यटकांनी ‘मिकी माउस’ हे नाव दिले आहे. शेवटी सोनकी येते आणि ऑक्टोबरमध्ये माथा पुन्हा गवताळ होतो. टोपली कारवीचा बहर या वार्षिक क्रमाबाहेरचा आहे. तो काही वर्षांच्या अंतराने एकदम येतो आणि बी धरल्यावर ती झुडपे मरतात.

या क्रमात पाण्याची पातळी निर्णायक असते. सड्यावरच्या खळग्यांमध्ये पाणी किती दिवस उभे राहते, त्यावर कोणती वनस्पती कुठे येईल हे ठरते. वायतुरा ही पाण्यातली वनस्पती त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या शास्त्रीय नावाने 1982 साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. सड्यावरच्या हंगामी डबक्यांत ती वाढते, पाणी आटले की कंदरूपाने दगडांमधल्या मातीत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवते. ज्या खळग्यात ती आहे तो बुजवला वा कायमचा खोल केला, तर तिचे चक्र तुटते. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती मातीतली नत्राची उणीव सूक्ष्म जीव आणि कीटक पकडून भरून काढतात. जमिनीत बाहेरून खत, शेण किंवा सांडपाणी जास्त आले, तर त्यांचा हा फायदा संपतो आणि जलद वाढणारी गवते त्यांना झाकून टाकतात.

सड्याच्या कडेला माती खोल होते आणि तिथून निमसदाहरित जंगल सुरू होते. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा आणि गेळा ही तिथली नेहमीची झाडे. तलावाच्या भोवती हीच झाडी आहे. डोंगरउतारावरची माती ती धरून ठेवते आणि झऱ्यांचे पाणी सावलीत ठेवते. घाटाई देवीची देवराई हा या झाडीचा लोकांनी राखलेला तुकडा आहे. कोयनेच्या बाजूच्या जंगलांतून गवे आणि सांबर या भागात ये-जा करतात. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कासची रांग त्या संरक्षित पट्ट्याच्या शेजारची आहे.

कास, एकीव, आटाळी, कासाणी ही या पठारालगतची गावे. नाचणी आणि वरीची उतारावरची शेती आणि गुरे हे त्यांचे जुने आधार. सड्यावर गुरे चरत आली आणि आज दिसणारी फुलांची घडण त्या चराईसह झालेली आहे. पर्यटकांची गर्दी वाढल्यावर पठाराच्या काही भागाला जाळीचे कुंपण घालण्यात आले. त्याने तुडवणूक कमी झाली, पण चराईही थांबली. गवत वाढून लहान फुलझाडे दबतात आणि वन्य प्राण्यांची वाट अडते, असे आक्षेप आले आणि पुढे कुंपण काढण्यात आले. सड्याला चराई पूर्ण बंद करून चालत नाही आणि ती बेसुमार होऊनही चालत नाही, हा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

1 जुलै 2012 रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे त्यांत आहेत. त्यांपैकी कासचे क्षेत्र सर्वांत लहान, सुमारे 1142 हेक्टर, आणि ते राखीव वनाचे आहे. भोवतालची खाजगी जमीन या हद्दीत येत नाही. वन विभाग आणि गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी पठारावर प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला सुमारे 3000 पर्यटकांची मर्यादा अशी घडी बसवली. गावातल्या तरुणांना तिथे मार्गदर्शकाचे आणि देखरेखीचे काम मिळाले. मात्र ही मर्यादा फुलांच्या हंगामापुरती आणि पठाराच्या फाटकापुरती आहे. फाटक ओलांडून पुढे गेलेली गाडी तलावाच्या काठावर थांबते. तिथे नोंदणी नाही, संख्येची मर्यादा नाही आणि गर्दी वर्षभर आहे.

यातूनच मुख्य अडचण उभी राहते. तलाव सातारा नगरपरिषदेचा, पठार वन विभागाचे, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, उतारावरची शेते गावकऱ्यांची आणि बांधकाम परवानगीचा अधिकार नियोजन प्राधिकरणाकडे, अशी विभागणी आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ हा गिरिस्थान प्रकल्प महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेल्यानंतर त्यात आणखी एका यंत्रणेची भर पडली. प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीपुरता निर्णय घेते. पाणी मात्र या हद्दींना जुमानत नाही.

कायद्यातही एक पोकळी आहे. पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 मध्ये पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. त्यामुळे कास तलावाला या नियमांचे संरक्षण मिळत नाही. जागतिक वारशाची हद्द राखीव वनापुरती आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना मार्च 2014 मध्ये निघाली, त्यानंतर ती वारंवार नव्याने काढावी लागली आणि जुलै 2024 मध्ये सहावा मसुदा आला. ज्या तलावाचे पाणी शहर पिते, त्याचा पाणलोट अशा रीतीने कोणत्याही एका कायद्याच्या पूर्ण कक्षेत येत नाही.

या पोकळीचा परिणाम यवतेश्वर ते कास रस्त्यालगत दिसतो. उपाहारगृहे, निवासस्थाने आणि शेतघरे या पट्ट्यात वाढली आहेत. त्यांचे सांडपाणी बहुधा शोषखड्ड्यांत जाते. खोल मातीत शोषखड्डा काम करतो, कारण माती पाणी गाळते. जांभ्यात माती नाही. छिद्रांतून आणि भेगांतून सांडपाणी न गाळता वेगाने सरकते आणि झऱ्याच्या मुखाशी बाहेर पडते. त्यातले स्फुरद तलावात पोहोचले, तर शेवाळ वाढते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. तलाव जितका शुद्ध आणि पोषकद्रव्यांनी गरीब, तितका तो थोड्या प्रदूषणानेही लवकर बिघडतो.

सड्यांच्या बाबतीत एका हस्तक्षेपाचे परिणाम दूरवर कसे पसरतात, हे सातारा जिल्ह्यातच अभ्यासले गेले आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वर्तनातही फरक पडला, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. सड्यावरच्या जीवसाखळीत एक कडी हलली की बाकीच्या हलतात. कासला पवनचक्क्या नाहीत, पण हा नियम तिथेही लागू आहे.

वरील बाबी लक्षात घेता जिल्हा प्रशासनाकडून पुढील सहा गोष्टी अपेक्षित आहेत.

पहिली : जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कास पाणलोट समिती नेमावी. तिच्यात नगरपरिषद, वन विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग, नियोजन प्राधिकरण, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, पठारालगतच्या ग्रामपंचायती आणि वनस्पती व भूजलाचे अभ्यासक असावेत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या असणे अपेक्षित आहे. त्यांच्या नोंदवह्या या समितीने आधार म्हणून वापराव्यात.

दुसरी : झऱ्यांसह पाणलोटाचा नकाशा तयार करावा. कोणता झरा कोणत्या सड्याचे पाणी आणतो आणि तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, याची नोंद गावकऱ्यांच्या मदतीने होऊ शकते. बांधकाम परवानगीचा प्रत्येक अर्ज या नकाशावर तपासला जावा.

तिसरी : झऱ्यांच्या वरच्या बाजूला आणि तलावाच्या काठालगत शोषखड्ड्यांना मनाई असावी. अस्तित्वात असलेल्या आस्थापनांनी सांडपाणी बंद टाकीत साठवून बाहेर न्यावे किंवा त्यावर पूर्ण प्रक्रिया करावी. जलप्रदूषण प्रतिबंधाचा 1974 चा कायदा यासाठी पुरेसा अधिकार देतो.

चौथी : तलावाच्या पाण्याची तपासणी शहरातल्या नळाशीच न थांबता तलावात, मुख्य ओढ्यांच्या मुखाशी आणि कुमुदिनी तळ्यात दर महिन्याला व्हावी. त्यात स्फुरद, नत्र, जिवाणू, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू मोजावा आणि आकडे लोकांसाठी खुले ठेवावेत.

पाचवी : पर्यटकांची नोंदणी आणि मर्यादा पठारासोबत तलावालाही वर्षभर लागू करावी. वाहनतळ पाणलोटाबाहेर असावा आणि तिथून गावांच्या समित्यांनी चालवलेली वाहने असावीत. काठावर गाड्या धुणे, चूल पेटवणे आणि मुक्काम करणे बंद असावे. शुल्काचा ठरावीक हिस्सा काठावर स्थानिक झाडोरा लावण्यासाठी आणि गाळ रोखण्यासाठी राखून ठेवावा.

सहावी : सड्यावर मर्यादित, हंगाम पाहून केलेली चराई गावांशी करार करून सुरू ठेवावी आणि तिचा परिणाम ठरावीक चौकटींमध्ये दरवर्षी मोजावा. रस्त्याच्या कामांत सड्याचे खळगे बुजवणे, माथ्यावरून मुरूम उचलणे आणि पाण्याच्या वाटा अडवणे टाळावे. सड्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम घेऊ नयेत, कारण तिथली मोकळी जमीन पडीक नसून तीच तिथली नैसर्गिक स्थिती आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. नगरपरिषदेला स्वच्छ पाणी हवे आहे, वन विभागाला सडा राखायचा आहे, गावांना टिकाऊ उत्पन्न हवे आहे. हे तिन्ही हेतू एकाच पाणलोटावर अवलंबून आहेत, आणि या सर्व यंत्रणांना एकत्र बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आहे. पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी समिती नेमली गेली, तर झऱ्यांच्या नोंदींचे पहिले वर्ष वाया जाणार नाही.

प्रत माहितीसाठी :
1. सातारा नगरपरिषद
2. उपवनसंरक्षक, सातारा वन विभाग
3. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
4. कास पठारालगतच्या सर्व ग्रामपंचायती